नसलेल्या शेडची घरपट्टी

तिसरी नोटीस आली तेव्हा वायरमन शिडीवर होता आणि त्याच्या तोंडात स्क्रू होते. त्यामुळे घरपट्टी खात्याचा उद्धार बायकोलाच करावा लागला.

बायको नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. तिची शिवी "अकलेचे कांदे" याच्या पुढे कधी गेली नव्हती.

"पुन्हा तेच. घर आणि मागची पत्र्याची शेड. कुठेय शेड? मागे नुसतं गवत आहे. आणि आता म्हणतात, भरली नाही तर जप्ती आणू."

वायरमनने स्क्रू हातात घेतले. "शेड काकांची. त्यांची पट्टी आपल्याला येते, आपली त्यांना. जुळी घरं, मध्ये एक भिंत. कुणीतरी डोळे मिटून लिहिलं असणार."

यात शोध लावण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही जुनी घरं एकाच बिल्डरने विकलेली. त्याच्या माणसाने जुडग्यातून एक किल्ली सोडवली, दार उघडून दिलं, अभिनंदन म्हणाला आणि गेला. शेजारचे काका, गोदामातली नोकरी संपवून निवृत्त झालेले, काकूंना घेऊन थोड्या दिवसांनी राहायला आले. त्यांनाही तशीच किल्ली मिळाली. मग दोघांकडे पट्ट्या आल्या.

काकांनी आलेली पट्टी मुकाट्याने भरली. वर सिस्टरला म्हणाले, "तुम्हीही भरून टाका. शेडचा जो फरक पडेल तो माझ्याकडून घ्या."

इतका सरळ माणूस शेजारी मिळायला नशीब लागतं. पण सिस्टर हट्टी. "प्रश्न फरकाचा नाही, काका. नसलेल्या शेडची पट्टी मी का भरू?"

"मग तक्रार करू की. पण आधी घराचं काम उरकून घ्या. खात्याची माणसं एकदा दारात आली, की तोडफोड बघून भलत्याच शंका काढतात."

हे दोघांनाही पटलं. तक्रार लांबली आणि घराचं काम जोरात सुरू झालं.

सिस्टरचा सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला होता. शेवटचा घरमालक तर महिन्यातून एकदा येऊन भिंतींवरून हात फिरवायचा आणि जाताना सांगायचा, "भिंतीला खिळे ठोकू नका." आईवडिलांचा फोटो ट्रंकेत कपड्यांखाली पडून राहिला. या घरात आल्या आल्या तिने पहिलं काय केलं असेल, तर हॉलच्या भिंतीत एक खिळा ठोकला. टांगायला फोटोही अजून ट्रंकेतून काढला नव्हता. मग त्या खिळ्याकडे बघून रडली. वायरमन तेव्हा मुद्दाम मागच्या गवतात जाऊन उभा राहिला.

तिचा फंड निघाला तो सगळा या घरात गेला. छत, फरशी, खिडक्या. वायरमनने ड्युटीवरून आल्यावर एकेक भिंत खोदून नवं वायरिंग केलं, एकाही पैशाचा मजूर न लावता.

काका रोज चहाचा कप घेऊन बघायला यायचे. फरशी त्यांनीच निवडायला मदत केली. सिस्टरला भिंतींना पिवळा रंग हवा होता, ते म्हणाले, "पांढरा घ्या, खोली मोठी दिसते." पांढरा लागला. ओट्याची वेळ आली तेव्हा काकू आल्या.

"जरा खाली घ्या बाई ओटा. वय झालं की हात वर जात नाहीत."

काकू ठेंगण्या, सिस्टर ताडमाड. पण म्हातारपणाची सोय म्हणून तिने ओटा खाली घेतला, आणि तेव्हापासून भाजी चिरताना तिची कंबर धरायची.

काकांच्या घरात मात्र गळतीखाली बादली होती ती होतीच. वायरमन एकदा म्हणाला, "काका, तुमचंही वायरिंग करून देतो. हात चाललाय तोवर."

"इथे कशाला मेहनत," काका म्हणाले. "राहू दे."

रंगाचा शेवटचा हात वाळला त्या दिवशी काकांनीच विषय काढला. "आता जाऊन या खात्यात. नोटिसा वाढवण्यात अर्थ नाही."

सिस्टर गेली, भांडली आणि मोजणीदार मिळवूनच परत आली.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. घाम पुसत त्याने गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबापासून टेप धरला, नकाशा पाहिला, पुन्हा टेप धरला. काका-काकूही बाहेर येऊन उभे राहिले. सिस्टरने त्याला घरात बोलावून पाणी दिलं. पाठोपाठ सगळेच आत आले.

"झाली ना खात्री?" तिने विचारलं. "आता चूक दुरुस्त करा म्हणजे झालं."

"नोटीस बरोबर आहे, बाई."

"बरोबर कशी? शेड कुठेय?"

"तुमच्या घरामागे." त्याने पेन्सिलीने मधल्या भिंतीच्या पलीकडे दाखवलं. "तुम्ही विकत घेतलेलं घर ते. किल्ल्या देणाऱ्याने घोळ घातला. हे घर यांचं."

वायरमनने नकाशा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. सिस्टरने काकांकडे पाहिलं. ते दचकले नव्हते.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या. कोपर बरोबर ओट्यावर टेकलं.

काकांनी हॉलच्या पांढऱ्या भिंतीवरून सावकाश हात फिरवला. खिळ्यावरच्या फोटोपाशी आल्यावर हात थांबला.

"सामान हलवायला घाई नाही, सिस्टर," ते म्हणाले. "फक्त तोवर भिंतीला आणखी खिळे ठोकू नका."