मनी येऊन गेली

चार वर्षांच्या ऋताने ताटातला शेवटचा राजमा उचलून वाटीत टाकला आणि दोन्ही वाट्या घेऊन ती आईच्या खोलीत आली. "आई, निवडून झालं! बघ, छोल्यांत एकसुद्धा राजमा नाही. आता भातुकली खेळू?"

आईने माइक बंद केला. लॅपटॉपवर तिचे साहेब तिच्याच प्रयोगाचे आकडे तपासत होते. "शहाणी गं माझी बबडी! वाट्या इथेच ठेव आणि हात धुऊन ये."

बाथरूममधून पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर आई वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिने दोन्ही वाट्या ताटात ओतल्या आणि हाताने सगळं कालवलं. "ऋता, अगं हे बघ काय झालं! शेजारची मनीमाऊ खिडकीतून आली आणि सगळं सांडून गेली. परत निवडतेस, राणी?"

ऋताने ताटाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ती मांडी घालून पुन्हा निवडायला बसली.

मीटिंग लांबली. संपल्यावर आई घाईघाईने आली आणि दारातच थांबली. राजमा आणि छोले पुन्हा वेगवेगळ्या वाट्यांत भरले होते, आणि ऋता त्या वाट्या ताटात उलट्या करत होती.

"ऋता, हे काय गं?"

"मनी आली होती."

आईची नजर खिडकीकडे गेली. तिची कडी सकाळपासून आतून लावलेली होती.

ऋता दोन्ही हातांनी दाणे कालवत राहिली. "तुझं काम संपलं की सांग. मग नाही येणार ती."