कडी-कोयंडा

“एक सीट रिकामी राहते, तात्या,” बोटांवर माणसं मोजून झाल्यावर जब्बार म्हणाला.

धुळवडीची दुपार होती. शेंद्र्यातल्या तात्यासाहेबांच्या घराच्या ओट्यावर सगळं कुटुंब हातापायांचा रंग न धुताच बसलं होतं. उद्या पहाटे जब्बार आपली जीप घेऊन येणार होता. आधी पैठणला, नाथसागरावर जायचं, पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी पाहायचे. दुसऱ्या दिवशी कन्नडवरून गौताळ्याच्या जंगलात. तिथं मोर, नीलगायी आणि नशिबात असेल तर बिबट्या. नशिबात नसला तरी दिसला म्हणून गावात सांगायचं, हे धाकट्या बद्रीनाथनं आत्ताच ठरवून टाकलं होतं.

“रिकामी कशी?” तात्यासाहेब म्हणाले. “तिथं डबे ठिवतो ना आपण.”

डबे म्हणजे द्वारकाबाईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दर फाल्गुनात घरची माणसं रानं बघायला निघत आणि तात्यासाहेबांची बायको द्वारकाबाई मागं राही. दारात उभी राहून हात हलवी. तिच्या जागेवर तिच्या दशम्या जात. घर उघडं राहिलं पाहिजे, सांजेला देवापाशी दिवा लागला पाहिजे, आणि दिवा लावायला कुणीतरी हवंच. ते कुणीतरी म्हणजे द्वारकाबाई, याबद्दल घरात जेवढं एकमत होतं तेवढं दुसऱ्या कशाबद्दलही नव्हतं.

मंडळी परत आली की मात्र ती एकेकाला समोर बसवून विचारी. पळस फुललेत का? ओढ्याच्या वळणावर मोर ओरडतात का अजून? थोरल्या रामकिसनला वाटे, माय आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारते. पण तिचं माहेर गौताळ्याच्या पायथ्याचं. आईबाप गेले, भावानं घर विकून पुणं गाठलं, आणि माहेरी जायला निमित्तच उरलं नाही. डोंगर तेवढा जागच्या जागी होता. फाल्गुन लागला की पळसानं लाल झालेला तो उतार तिच्या डोळ्यांपुढं येई आणि तव्यावरची भाकरी करपे. तिला तो एकदा बघायचा होता. फार जीव ओढे तिचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

आज विचारलं ते जब्बारनं. जीप त्याची होती, त्यामुळं बोलायचा थोडा हक्कही होता.

“काकी, तुमी हरसाल टाटा करायलाच का? यंदा डबे मांडीवर घेऊन बसा की.”

सगळे हसले. रामकिसन हसता हसता थांबला.

“व्हय की, तात्या. मायला चलू द्या यंदा.”

“अन् दिवा कोण लावील?”

“शेजारच्या आवडाबाई लावतील, तुळशीपाशी.”

“अन् घर?”

“कुलूप लावू घराला.”

तात्यासाहेब ताठ बसले. हा त्यांचा लाडका विषय होता. पाहुण्यांना चहाच्या आधी तोच मिळे. “ह्या घराला आजवर कुलूप लागलं नाय. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वक्ताला समदं गाव रानात पळालं, तवा बी माझी माय ह्या उंबऱ्यावर बसून होती. अन् तुमाला मोर बघायला कुलूप लावायचंय!”

द्वारकाबाई नातवाच्या कानामागचा रंग पदरानं पुसत होती. रंग केव्हाच निघाला होता, तरी ती पुसत राहिली.

रामकिसननं उठून दाराची कडी कोयंड्यात घालून पाहिली. कधी न वापरलेली कडी, गंजून घट्ट झाली असेल असं त्याला वाटलं होतं. ती सहज बसली, जरादेखील करकरली नाही. त्याला नवल वाटलं.

“कडी बसंल रे,” तात्यासाहेब म्हणाले. “पण कुलूप हाय का घरात? आज धुळवड, समदी दुकानं बंद. निघायचं पहाटं. आणा कुठून आणता ते.”

खरंच नव्हतं. बद्रीनाथनं मोटारसायकलची साखळी आणून पाहिली, ती कोयंड्यात जाईना. तात्यासाहेबांनी विजयानं पान लावायला घेतलं.

“मग डबेच ठेवू,” जब्बार कप खाली ठेवत म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

द्वारकाबाई उठून आत गेली. दशम्यांचं पीठ मळायला गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं. पण आतून ट्रंकेचं झाकण वाजलं. ती बाहेर आली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं तात्यासाहेबांच्या पुढ्यात ठेवलं. चांगलं मुठीएवढं पितळी कुलूप होतं. पदराची गाठ सोडून तिनं किल्लीही ठेवली.

“हे कवा घेतलंस?”

“साळूच्या लग्नाचा बस्ता काढायला गुलमंडीच्या बाजारात गेलतो, तवा.”

साळू त्यांची लेक. आता साळूच्याच मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं.

तात्यासाहेबांनी किल्ली घातली. इतकं जुनं कुलूप, ते उघडणार नाही अशी त्यांना अजून आशा होती. पण किल्ली गरकन फिरली. त्यांच्या बोटांना तेल लागलं. त्यांनी बोटांकडं पाहिलं, मग दाराच्या कडीकडं, मग बायकोकडं.

“ह्याला तेल कोण घालतं?”

“मीच,” द्वारकाबाई खाली बघत म्हणाली. “दरसाली जीप ठरली की घालते, कडीला बी अन् कुलपाला बी. कुणी ‘चल’ म्हणलंच, तर गंजलेलं नको.”