येऊ द्या

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरजवळच्या एका कोरड्या पाझर तलावातला गाळ ओढायला मी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. गाळ ओढायची लोखंडी फळी आधी ट्रॅक्टरला मागून पिन घालून जोडायची होती.

हे काम दोघांचं. मी ट्रॅक्टर मागं घ्यायचो आणि माझा मदतनीस बन्सी मागं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत राहायचा. त्याचं "बास" ऐकू आलं की मी ब्रेक दाबायचो. मान वळवून मी कधी बघत नसे. तशी वेळच कधी आली नव्हती.

"येऊ द्या," मागून आवाज आला. मी क्लच सोडला.

"येऊ द्या. येऊ द्या."

तेवढ्यात समोरच्या बाभळीखालून बन्सी चालत येताना दिसला.

मी करकचून ब्रेक दाबला. "मागं कोन हाय रं?"

"कोन आसनार? पिन आनाया गेल्तो मी."

मी इंजिन बंद केलं. भर उन्हात सगळा तलाव चिडीचूप झाला. बन्सी ट्रॅक्टर आणि फळीच्या मधे शिरला, वाकला आणि दोन्ही हातांनी फळीचा जड दांडा उचलून धरला.

"येऊ द्या."

"आरं, थांब की! इंजिन बंद हाय," मी वैतागून म्हणालो आणि पहिल्यांदाच मान वळवली.

बन्सी माझ्याकडेच बघत होता. हात गुंतलेले असले की तो पिन दातांत धरायचा. आताही ती त्याच्या दातांत घट्ट होती.

"येऊ द्या."

माझा पाय ब्रेकवरच होता. चाक मागं फिरायला लागलं.