पातेल्याची खरवड

"पालिकेच्या निवडक मुलांच्या शाळेत नंबर लागला, आणि तुम्ही नाही म्हणता?" वर्गाच्या बाई वैतागल्या. "तिसरीतली पोर पाचवीची गणितं सोडवते. मी काय शिकवू तिला?"

सोपान शाळेच्या स्वयंपाकघराकडे बघत राहिला. "हिची आई इथंच खिचडी रांधायची, बाई. पातेल्याची खरवड हिच्यासाठी ठेवायची. आई गेली, आता ही शाळाही सोडवली तर पोर झुरेल."

"मी नाही झुरणार," रेवती म्हणाली. "मला शाळेत सोडल्यावर रोज त्या स्वयंपाकघराच्या दाराशी तुम्हीच थांबता, बाबा. मी गेले तरी येत जा. खिचडीच्या नव्या मावशींना सांगून ठेवलंय, खरवड बाबांना द्या म्हणून."

बाईंनी उगाच फळा पुसायला घेतला. सोपानने स्वयंपाकघराकडे पाठ केली.

"बाई, नवी शाळा किती वाजता भरते?"