चांगुणाचा नवा कोंब

पहाटे कातळपठारावर, सड्यावर, धुकं उतरलं, तशा बायका बाह्या सारून अंगावर रुजलेल्या मुळांनी धुक्याचं पाणी प्यायला अंगणात उभ्या राहिल्या. सत्तरीच्या चांगुणाच्या दंडावरची पांढरी मुळं धुक्याने भिजली, पण दहा वर्षांपूर्वी खांद्यावर रुजवलेला आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, कंद सुरकुतलेलाच राहिला. सलग तिसरा दिवस. सड्यावर दुसरं पाणी नव्हतं; कंद सुकलेल्या माणसाला सडा सोडून नळाच्या गावी जावं लागे. चांगुणाला मुलाकडे, शहरात.

"वन्सं, माझं संपलं बहुतेक," ती नणंदेला म्हणाली.

"आधी नर्सबाईंना दाखव, वहिनी. मग रड," वच्छीवन्संनी दटावलं.

चढाखालच्या दवाखान्यात नर्सबाईंनी चष्मा लावून कंदाखाली पाहिलं आणि त्या हसल्या. "आजी, शेजारी नवा कोंब फुटलाय. झाडावरच्या आमरीसारखाच जुना कंद आपलं पाणी त्याला पाजतोय."

"या वयात!" वन्सं ओरडल्या. "आणि डिंकाचे लाडू कोण वळणार? मीच ना?"

तरुणपणी डोक्यावर हंडे घेऊन ज्या चढावर चांगुणा धापा टाकायची, तो ती हसत चढली. घरी येताच तिने मुलाला फोन लावला.

"मी येत नाही रे. घरात लहानगं आहे."