पोळ्या लाटतानाची चाल

ताटं वाढून झाली होती. वाट्यांतल्या बासुंदीवर साय धरायला लागली, तरी बरुआसागरहून आलेली नवऱ्या मुलाकडची माणसं हात मांडीवर ठेवून नुसती बसून होती.

“बिना गारी के कलेवा कैसे होय, दादाजी?” मुलाची आत्या हसत म्हणाली. तिला सगळे मधुबुआ म्हणत. “कोऊ गाओ, तब तो कौर टूटे.”

दादाजी म्हणजे नवरीचे आजोबा, रघुनाथराव. लग्न काल रात्री लागलं होतं आणि आजचं हे जेवण, कलेवा, नवरीच्या घरी होतं. इकडची रीत अशी की जावई आणि त्याची माणसं पानावर बसली की नवरीकडच्या बायकांनी त्यांची नावं घेऊन गाण्यातून शिव्या द्यायच्या, म्हणजे गारी गायची. ती कानावर पडल्याशिवाय पाहुणे घास उचलत नाहीत. रघुनाथरावांचा जन्म झाशीतला. ही रीत त्यांना पक्की ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी घरातल्या बायकांना आधीच बजावून ठेवलं होतं की असला गावंढळपणा आपल्या घरात व्हायचा नाही.

“हमारे यहाँ पंगत में श्लोक बोले जाते हैं,” ते म्हणाले. “गालियाँ नहीं.”

“श्लोक भी सुन लेंगे,” मुलाचे वडील श्यामसुंदर शांतपणे म्हणाले. “पहले गारी.”

गाण्यातलं आपल्याला कळतं, असा रघुनाथरावांचा स्वतःबद्दल समज होता, आणि तो मोडण्याची तसदी आजवर कोणी घेतली नव्हती. कालच्या वरातीतल्या डीजेला त्यांनी कानात कापूस कोंबून उत्तर दिलं होतं. सिनेमाची गाणी म्हणजे किंचाळणं, बुंदेली गाणी म्हणजे बैल हाकणं, आणि नातवंडं मोबाइलवर जे ऐकतात त्याला तर त्यांनी नावसुद्धा दिलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाणं एकच. लहानपणी आई पोळ्या लाटताना गुणगुणायची ती चाल. शब्द कधी ऐकू आले नाहीत. तव्यावरची पहिली पोळी, तिच्यावर तूप-गूळ, आणि कानात ती चाल. एवढं आठवलं की या कोरड्या माणसाचेही डोळे भरून येत. पूर्वज सुभेदाराबरोबर साताऱ्याहून झाशीकडे निघाले तेव्हा ही चाल त्यांच्यासोबत आली, असं ते मंडळाच्या गणपतीत दर वर्षी पेटीवर वाजवून सांगत. मंडळी प्रसादाकडे डोळे लावून ऐकून घेत.

“आणि मर्यादा बघा,” असं ते शेवटी हटकून म्हणत. “आबांच्या वहाणा दारात वाजल्या की आई गप्प. नवऱ्यासमोर कधी गायली नाही.”

नवरी मुलगी, चारुता, त्यांच्या कानाशी वाकली. “आजोबा, प्लीज, कुछ भी गा दो ना. सगळे भुके बसलेत. मला आजपासून यांच्याकडेच राहायचंय.”

तिचा रडवेला आवाज ऐकून ते विरघळले, पण नमले नाहीत.

“बरं. गाणं कशाला म्हणतात ते यांनाही एकदा कळू दे,” ते म्हणाले. ताठ बसले, डोळे मिटले आणि आईची चाल त्यांनी गुणगुणायला घेतली.

दुसऱ्या ओळीला मधुबुआने टाळी धरली. तिसऱ्या ओळीला तिच्या शेजारच्या दोघींनी. रघुनाथराव सुखावले. अस्सल चीज अडाण्यालाही डोलायला लावते, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. मग मधुबुआने त्याच चालीवर शब्द घातले, तेही स्वतःच्या भावाला उद्देशून:

“समधी हमाए बड़े हुसियार, चूल्हो फूँकें, जरे मूँछ के बार…”

चूल फुंकताना मिशा जाळून घेणाऱ्या व्याह्यावर पंगत खदखदून हसली. श्यामसुंदरांनी मिशीवरून हात फिरवला आणि पहिला घास मोडला. मग सगळ्यांनीच मोडला.

“जा तो असल गारी आय, दादाजी,” मधुबुआ म्हणाली. “हमाई नानी गाउत तीं. आप तो छुपे रुस्तम निकरे.”

“ही गारी नाही!” रघुनाथराव मराठीतच ओरडले. “माझ्या आईची चाल आहे ही. साताऱ्याची.”

जेवणाऱ्यांपैकी कोणी वर पाहिलं नाही. सातारा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि बासुंदी चांगली झाली होती.

“अम्मा ईमें कौन को नाम धरत तीं?” मधुबुआने विचारलं. आई या गाण्यात कोणाचं नाव घालायची, एवढंच तिला हवं होतं.

“नाव कसलं? तिच्या गाण्याला शब्दच नव्हते.”

“होते,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

रघुनाथरावांची ही धाकटी बहीण हातात पोळ्यांची परात घेऊन उभी होती. गणपतीत दर वर्षी भावाचं ते भाषण तिने मान खाली घालून ऐकलं होतं. लोकांना वाटायचं, आईच्या आठवणीने गहिवरली आहे.

“ही गारी शेजारच्या बुंदेली काकीकडून शिकली होती आई. मलाही शिकवली,” त्या म्हणाल्या. “तुला सांगायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणाली, तो जाऊन आबांना सांगेल.”

परात त्यांनी खाली ठेवली, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. पहिल्या ओळीत आबांचं नाव आलं, मागच्या ‘राव’सकट. दुसरीत आबांचं नाक. तिसरीत, दुधाच्या पातेल्याला कुलूप घालणारा त्यांचा हात. चारुता तोंडावर पदर धरून हसत होती, आणि श्यामसुंदर घास हातातच धरून ऐकत होते.

रघुनाथरावांनी दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. प्रमोदिनीबाईंनी चौथी ओळ उचलली.