गाडी ओढत नाही

भावाने धाकट्या बहिणीला सासरी सोडलं आणि परतीच्या रस्त्यावरच्या पहिल्याच गॅरेजसमोर मोटारसायकल उभी केली. सकाळी घरून निघाल्यापासून गाडी ओढतच नव्हती. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि साध्या चढालाही धापा टाकायचं.

मेकॅनिकने प्लग पाहिला, एअर फिल्टर झटकला, कार्बोरेटर साफ केला. कशातच खोट निघेना. शेवटी त्याने मागचं चाक खोललं, तसा जळका वास दुकानभर पसरला.

"इंजिन ठणठणीत आहे हो तुमचं. ब्रेकचे लायनर पार करपलेत. सगळा रस्ता ब्रेकवर पाय ठेवून आलात की काय?"

"छे. इतकी वर्षं चालवतोय, असं कधी केलं नाही."

"आज केलंत. मागे कोणी होतं का?"

भावाने मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. 'मला तिकडे परत पाठवू नका,' असं बहीण आदल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती. वडील म्हणाले, 'सोडून ये तिला,' आणि त्याने निमूटपणे गाडी काढली होती.

नवे लायनर बसले. मेकॅनिकने हात पुसले. "आता सुसाट जाईल बघा. अंधार पडायच्या आत घरी पोचाल."

वडिलांना काय सांगायचं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.


त्याने किक मारली आणि गाडी पुन्हा बहिणीच्या सासरकडे वळवली.